दोन गोळ्यांचा झेंडा

लक्ष्मीबाईंना सकाळपासून एकच घोर लागला होता. नाना या खेपेला तरी घेतील का?

नाना म्हणजे वरच्या आळीचे नानासो. वडूजच्या अलीकडचं हे गाव, पाण्याच्या नावानं वर्षभर बोंब, पण नानांच्या मळ्यातली विहीर होळीपर्यंत भरलेली असायची. त्या विहिरीत लक्ष्मीबाईंचा मिलिंद पोहायला शिकला. आता यात सांगण्यासारखं काय, असं आजच्या पोरांना वाटेल. पण मिलिंद बौद्धवस्तीतला, आणि काळ असा की वस्तीतल्या बाईनं त्या विहिरीवर घागर घेऊन जायची सोय नव्हती. पोरगं शेळ्या घेऊन जायचं आणि बांधावर बसून दुसऱ्या पोरांच्या उड्या बघत राहायचं. एक दिवस नाना त्याला म्हणाले, "बघतोस काय रं नुसता? काढ कापडं."

त्यावरून गावात आदळआपट काय कमी झाली? भावकीतल्या बायकांनी त्या विहिरीचं पाणी भरायचं बंद केलं. सख्ख्या भावानं अबोला धरला. नाना सगळ्यांना एकच सांगत, "हीर माजी, पोरगं माज्या नजरंखाली. तुमाला काय तरास?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिलिंदच्या पाठीला तरंगण्यासाठी वाळके भोपळे बांधायला हजर.

तोच मिलिंद पुढे साताऱ्याच्या सैनिक शाळेत गेला, तिथून नौदलात, आणि रिअर अ‍ॅडमिरल होऊन निवृत्त झाला. ज्या गावानं धड होडी बघितली नव्हती, तिथला पोरगा दर्यावर हुकूम चालवून आला. लक्ष्मीबाईंच्या मनात हिशेब साधा होता. अभ्यास पोराचा, कष्ट त्याच्या बापाचे आणि तिचे, पण पहिलं पाणी नानांचं.

आणि हा माणूस आभार म्हणून काही मानू देत नव्हता. मिलिंदचा पहिला पगार झाला तेव्हा ती आणि तिचा नवरा केरू धोतरजोडी घेऊन गेले, तर नाना म्हणाले, "कशापायी? मी काय केलं?" आणि धोतरं परत. पेढे नेले ते त्यांनी तिथल्या तिथे पोरांना वाटून टाकले. मिलिंदच्या लग्नात आले, भरघोस आहेर केला, आणि पंगतीला बसा म्हटल्यावर, "आज उपास हाय." नवं घर बांधलं तेव्हाही उपास. केरू गेला तेव्हा आले, पाठच्या भावासारखे रडले, चहाचा कप पुढे केला तर उपासच. नानांचे उपास कुठल्या पंचांगात छापलेले होते देव जाणे. न कळायला लक्ष्मीबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. नानांनी वस्तीतल्या पोराला पाणी दिलं होतं, पण वस्तीतल्या घरचं पाणी आजवर तोंडाला लावलं नव्हतं.

तरी त्या माणसाबद्दल तिच्या मनात कधी वाईट शब्द आला नाही. राग यायचा तो वेगळाच. आभार मानायला पुढे केलेला हात दर वेळी भरलेलाच परत यायचा, आणि भरलेला हात परत घेऊन येणं किती जड असतं ते तिलाच ठाऊक.

म्हणून मिलिंद पुण्याहून आला आणि म्हणाला, "आई, गावात सत्कार आहे, त्यात मी माझा झेंडा नानांना देणार आहे," तेव्हा तिला आधी भरून आलं आणि मग धडकी भरली.

झेंडा म्हणजे काय ते मिलिंदनं तिला मागेच सांगितलं होतं. नौदलात अ‍ॅडमिरलच्या पायरीला पोचलेल्या माणसाला स्वतःचा झेंडा मिळतो. तो जिथून हुकूम चालवतो तिथे तो झेंडा चढतो, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की साहेब इथे आहेत. शेवटच्या दिवशी सूर्य मावळताना तो उतरवतात, घडी घालतात आणि त्याच्या हातात देतात. मिलिंदचा झेंडा पांढरा, त्यावर तांबडा क्रॉस आणि लाल गोळे दोन. पुढे नौदलाच्या निशाणावरून तो क्रॉस गेला, तिथे महाराजांच्या राजमुद्रेसारखी अष्टकोनी चौकट आली. त्यामुळे मिलिंदचा झेंडा आता कुठल्याच जहाजावर चढणार नव्हता. तिनं तो पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या मध्ये जपून ठेवला होता.

"दे की नानांना," ती म्हणाली होती. "म्या बी येते. त्यांचं डोळं गेलं, माजं गुडघं गेलं. आता न्हाई घेतला तर परत कवा इचारायचं?"

सत्कार शाळेच्या पटांगणात होता. सरपंच बाळासो हौशी माणूस, त्यानं कमान उभारली होती, हलगी आणली होती, आणि व्यासपीठाच्या बाजूला लांब बांबूवर चढवला होता वडूजच्या शिंप्याकडून शिवून आणलेला झेंडा. गाडीतून उतरलेल्या मिलिंदनं तो बघितला आणि एकदम थबकला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आयुष्यभर कडक इस्त्रीत वावरलेला माणूस रुमालात तोंड घालून हसत होता.

"काय झालं रं?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"आई, बाळासोनं मला पार तळाला नेऊन बसवलंय."

झेंड्यावर लाल गोळे पाच होते, एकेक भाकरीएवढा.

बाळासो हात जोडून पुढे आला. "सायेब, तुमी फोटू धाडला त्यात दोनच हुतं. म्हटलं, आपल्या माणसाला दोनच? मंडळाची पोरं म्हणाली तीन करा, मी म्हटलं पाच. शिंपी तर म्हणत हुता, जागा हाय, सात बसत्यात."

लक्ष्मीबाईंना वाटलं, बरोबरच आहे. देणाऱ्यानं हात आखडता का घ्यावा? पण मिलिंद हसतोय म्हटल्यावर काहीतरी गडबड आहे हे तिनं ताडलं, आणि ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर नाना होते, हातात काठी, डोक्याला पटका, नजर अंदाजानं समोर लावलेली.

हारतुरे झाले आणि मिलिंद बोलायला उभा राहिला. त्यानं आधी त्या बांबूकडे बोट केलं.

"बाळासोनं मला पाच गोळे दिले. लय प्रेमानं दिले. पण आमच्याकडं उलटं असतं," तो म्हणाला. गावात आला की तासाभरात त्याची बोली अशी परत यायची. "मला दोन गोळे. माझ्यावरचा जो व्हाइस अ‍ॅडमिरल, त्याला एकच. आणि सगळ्यांत मोठा अ‍ॅडमिरल, त्याला एक बी न्हाई."

पटांगणात कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "मग मोठं हून फायदा काय?"

हसं झालं. मिलिंदही हसला, आणि सांगू लागला. ही चाल इंग्रजांच्या आरमारातली. शिडाच्या जहाजांना तीन डोलकाठ्या असत. थोरल्या साहेबाचा झेंडा मधल्या उंच काठीवर, दुसऱ्याचा पुढच्या, आणि तिसऱ्याचा, म्हणजे रिअर अ‍ॅडमिरलचा, मागच्या काठीवर. काठी बघून माणूस ओळखायचा. पुढे शिडं गेली, इंजिनं आली, काठ्या कमी झाल्या. आता सगळ्यांचे झेंडे एकाच काठीवर चढणार, तर कोण थोरला आणि कोण धाकटा हे कळायचं कसं? म्हणून धाकट्यांच्या झेंड्यावर गोळे घातले. थोरल्याचा होता तसाच कोरा राहिला.

"हे आमाला शिकवत होते तवा वर्गातली पोरं गोंधळली," मिलिंद म्हणाला. "कमी गोळे म्हंजी मोठा मान, हे कुणाच्या डोक्यात शिरंना. माझ्या मात्र तिथल्या तिथं शिरलं. कारण मी नानांच्या हिरीत पवायला शिकलो हुतो. पहिल्या दिवशी नानांनी माझ्या पाठीला वाळकं भोपळं बांधलं, दोन. हात मारायला लागलो तसा एक सोडला. आन् एक दिवस दुसरा बी सोडला, म्हणाले, जा आता, तुजा तू. ज्याच्या पाठीला भोपळा न्हाई त्यो पट्टीचा पवणारा. नौदलात माझी दोन भोपळ्यांपातूर मजल गेली. पर ती नानांनी बांधलेल्या दोन भोपळ्यांवरनंच गेली."

पटांगण खळखळून हसलं. आणि हसता हसता बऱ्याच जणांनी डोळे पुसले, कारण ती विहीर आणि तो काळ आठवणारी माणसं त्या गर्दीत अजून होती. बाळासो कानाच्या पाळ्या धरून उभा होता. "सायेब, कात्री आणतो. तीन उसवून टाकतो."

"ऱ्हाऊ दे. नौदलानं दोन दिले, गावानं पाच. मी सगळे घेतो."

मग मिलिंदनं खांद्यावरच्या पिशवीतून खरा झेंडा काढला, व्यासपीठावरून उतरला, आणि नानांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसून तो त्यांच्या मांडीवर ठेवला. "नाना, हा तुमचा."

लक्ष्मीबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

नानांनी कापड चाचपलं. बोटं गोळ्याच्या शिवणीवरून फिरली. क्षणभर वाटलं, घेतात. मग त्यांनी घडी सारखी केली आणि झेंडा मिलिंदच्या हातात परत दिला. "लय झाक हाय. पर मला कशापायी, लेकरा? मी काय केलं? तुज्या नातवंडांस्नी दाव." आणि काठी टेकून ते उठले. बाळासो जेवणाचं म्हणाला तर त्याच्याकडे न बघताच उत्तर आलं, "न्हाई गड्या. उपास हाय."

मिलिंद तसाच गुडघ्यावर राहिला. एवढा मोठा माणूस, पण तोंड त्या बांधावर बसलेल्या पोराचं.

लक्ष्मीबाई उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिला त्यांचं ऐकायला सवड नव्हती.

"आवं नाना, थांबा वाईच."

नाना थांबले.

"तुमी काय केलं ते म्या सांगते. माज्या पोराला बांधावरनं उठीवलं. तुमच्या भावकीनं तोंड फिरीवलं तरी त्याचा हात सोडला न्हाई. रोज सांजच्याला मी ओढ्यात हुबी राहून बघायची, पोरगं बुडतंय का काय म्हणून. तुमी काठावर बसल्यालं दिसलं की माजा जीव खाली पडायचा. तुमचं उपकार मी रोज मानते, नाना. पर मनात. तोंडानं कवा मानू दिलंच न्हाई तुमी." तिचा आवाज चढला. "देणाऱ्यानं नुसतं देतच ऱ्हायलं, तर घेणाऱ्याची मान वर कवा व्हायची? तुमच्या हिरीचं पाणी माज्या लेकराच्या नाकातोंडात गेलं, तवा त्यो हितवर आला. माज्या घरचं पाणी तुमच्या घशाखाली कवा गेलं वो?"

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. बाळासो जमिनीकडे बघायला लागला. तिनं असं चारचौघांत बोलायला नको होतं, असं काही जणांना वाटलंही असेल. वाटू दे.

नानांनी काठी दोन्ही हातांत धरली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "भ्यालो हुतो, लक्ष्मे. पोराला पवू दिलं हितवर लोकांनी गिळलं. तुज्या घरात पाणी प्यालो असतो तर माज्या पोरींस्नी कुणी दारात हुबं केलं नसतं. मग पोरी नांदायला गेल्या. भाऊ गेलं, बायकू गेली. भ्यायचं कुणाला, तर कुणीच उरलं न्हाई. तवा लाज वाटाय लागली. आता कुठल्या तोंडानं जायचं?"

"ह्याच तोंडानं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

कुणीतरी लगबगीनं व्यासपीठावरची पाण्याची बाटली आणली. नानांनी ती हातानं बाजूला सारली. "ह्ये न्हवं. तुजं घर किती लांब हाय?"

"तुमाला ठावं हाय किती लांब हाय ते."

नानांनी हात पुढे केला, आणि मिलिंदला कळायला जरा वेळ लागला की हात झेंड्यासाठी आहे. नानांनी तो काखेत धरला, दुसरा हात मिलिंदच्या खांद्यावर ठेवला, आणि तिघं पटांगणातून निघाले. मागे हलगी वाजली नाही, टाळ्या झाल्या नाहीत. माणसं नुसती बाजूला सरून वाट देत राहिली.

वस्तीवर पोचल्यावर लक्ष्मीबाईंनी ओसरीवर घोंगडं टाकलं. माठात तांब्या बुडवून तिनं पाणी काढलं, घाईत निम्मं जमिनीवर सांडलं. तिनं फुलपात्र भरून नानांच्या हातात दिलं. नानांनी पटका काढून शेजारी ठेवला, डोळे मिटले आणि सावकाश, एकाही घोटाची घाई न करता सगळं पाणी प्याले.

"लय उपकार झालं तुमचं, नाना," ती म्हणाली. इतकी वर्षं मनात घोळवलेल्या बोलण्यातलं एवढंच तिला सापडलं.

"तुजं बी झालं, लक्ष्मे," नाना म्हणाले, आणि त्यांनी रिकामं फुलपात्र पुन्हा पुढे केलं.