आढ्याला बांधलेले लुगडे

त्या दिवशी सकाळी माझ्यात आठ महिन्यांचे एक बाळ झोपले होते. खाली सतरंजीवर तीस-पस्तीस मुले चिंचोक्यांचे ढीग लावत होती. वच्छलाबाई पायाच्या अंगठ्याने माझी दोरी ओढत होत्या, मांडीवरच्या मुलीचे नाक पुसत होत्या आणि तोंडाने कापसाचे गाणे म्हणत होत्या. त्यांची मुलगी सुनंदा धुळ्याहून आली होती. ती दाराशी बसून होती. तिला आईला एक गोष्ट सांगायची होती. कितीतरी वर्षांपासून सांगायची होती. तिने दोनदा "आई" म्हणून हाक मारली आणि दोन्ही वेळा कोणते तरी मूल रडले. मग एसटीची वेळ झाली.

"पुढच्या शनिवारी येते," ती म्हणाली.

"ये. येताना रंगीत खडू आण. इथे पांढरेच मिळतात."

मित्रांनो, तो आमचा शेवटचा साधासुधा दिवस होता.

आज मी झोळी असले तरी माझा जन्म नऊवारी लुगड्याचा. धुळ्याच्या एका मागावर मी विणले गेले. निळे अंग, किरमिजी काठ. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात महिला मंडळाने बालवाडी काढली आणि वच्छलाबाईंना तिथे नेमले, तेव्हा पहिल्या मानधनातून त्यांनी मला शिरपूरच्या बाजारात घेतले. बालवाडीत जाताना त्या मला नेसत. मुलांचे चिखलाचे हात माझ्याच निऱ्यांना पुसले जात.

बालवाडी म्हणजे काय, हे गावाला ठाऊक नव्हते. वच्छलाबाई मुलांना पाटीवर अक्षरे गिरवायला लावत नसत. त्या चिंचोके मोजायला देत, मातीचे बैल करून घेत, कालची गोष्ट आज मुलांच्या तोंडून ऐकत. पंच असलेले बन्सीलाल आबा एकदा दारातून म्हणाले, "बाई, खेळाले तर पोरे घर बी खेळतस. आठे बालवाडीमा कसाले धाडाना?"

"आबा, तुमच्या नातवानं काल सांगितलं, आबांच्या खिशात पाच विड्या होत्या, दोन ओढल्या, तीन उरल्या."

"बिड्या मोजस का तो!" आबा म्हणाले आणि खिसा चाचपत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या नातवालाही पाठवले.

दहावी झाल्यावर सुनंदाचे नाव धुळ्याच्या कॉलेजात घालायचे होते. त्या दिवशीही वच्छलाबाई मलाच नेसल्या होत्या. सुनंदा खिडकीपाशी उभी राहिली. मागेपुढे वकिलांच्या, मास्तरांच्या मुली होत्या. आई नळावर पाणी प्यायला गेली आहे, असे तिला वाटले. पण वच्छलाबाई परत येऊन खांबामागे उभ्या होत्या.

"वडील?" कारकुनाने विचारले.

"नाहीत."

"आई काय करते?"

"काही नाही," सुनंदा म्हणाली. "घरीच असते."

माझा पदर वच्छलाबाईंच्या मुठीत होता. मूठ घट्ट झाली आणि बराच वेळ तशीच राहिली. नंतर त्यांनी लेकीला उसाचा रस पाजला आणि परतीच्या एसटीत सगळा वेळ वसतिगृहाच्या खाटेबद्दल बोलत राहिल्या. आपण ऐकले, हे त्यांनी कधीच सांगितले नाही. आपण तसे म्हणालो, हे सुनंदानेही कधी सांगितले नाही.

त्याच वर्षी त्यांनी नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या मुलांचा ध्यास घेतला. तिथून एकही मूल येत नसे. त्या अकरा वाजता बालवाडी उघडत, आणि त्याआधी वस्तीत चक्कर मारत, तर घराघराला कुलूप. "यांना शिक्षणाची आवडच नाही," असे त्या महिनाभर म्हणत राहिल्या. ती त्यांची चूक होती. शेवटी एका संध्याकाळी कापूस वेचून परतणारी बेबाबाई त्यांना वाटेत भेटली.

"बाई, तुमनी शाळा अकराले उघडस. आम्ही साते वावरमा जातस. तवलोंग पोरे काय झाडले टांगू?" आणि मग स्वतःच हसून म्हणाली, "धाकलाले तर टांगतसच!"

वच्छलाबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बालवाडी सकाळी साडेसहाला उघडली. तरी बेबाबाईची सहा वर्षांची धुरपदा आली ती कडेवर भाऊ घेऊन. भाऊ सांभाळायचा म्हणून तिला ना खेळ होता ना शाळा. तेव्हा वच्छलाबाईंनी मला घडीतून काढले आणि आढ्याला बांधले.

"चांगलं लुगडं शे हो हाई!" बेबाबाई म्हणाली.

"जुनं फाटेल. मूल पडेल."

मला आधी वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण धुरपदा मला आठवते. भाऊ माझ्यात झोपला तरी ती कंबर वाकडी करूनच उभी होती. मोकळ्या हातांचे काय करायचे, तेच तिला कळेना. मग हळूच खाली बसून तिने एक चिंचोका उचलला. पुढच्या वर्षी ती पहिलीत गेली.

एकदा जीपमधून एक साहेब आले. "इथे झोळी कशाला? हे पाळणाघर नाही," म्हणाले. वच्छलाबाईंनी मला सोडले. जीप नाला ओलांडून गेली आणि मी पुन्हा आढ्याला.

अशी आठ वर्षे गेली. माझे काठ विरले, रंग उडाला. सुनंदा आली आणि मनातली गोष्ट न सांगताच गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला दार उघडले नाही. बाहेर पावले वाजत होती, बायका हाका मारत होत्या. मग कोणीतरी घराकडे धावले. वच्छलाबाई झोपेतच गेल्या होत्या.

तेराव्यानंतर मंडळाला किल्ली परत द्यावी म्हणून सुनंदा सकाळी आली, तर दाराशी बायका मुले घेऊन उभ्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

"ताई, कुलूप खोल," बेबाबाई म्हणाली. "वावरले उशीर व्हस."

सुनंदाने कुलूप काढले. कोणीतरी माझ्यात बाळ ठेवले. बायका गेल्या.

मित्रांनो, तुमच्या गावात अशी खोली असेल तर तिचे दार आयांच्या कामाच्या वेळेला उघडे राहील, एवढे पाहा. आणि कोणाला काही सांगायचे असेल, तर मूल रडायचे थांबण्याची वाट पाहू नका. ते रडतच असते.

सुनंदा माझी दोरी हाताने ओढू लागली. पायाने ओढायची तिला सवय नव्हती. मुले तिच्याकडे पाहत होती. ती मात्र भिंतीकडे पाहून बोलली, वर्गात उत्तर द्यावे तशी, स्पष्ट.

"आई, कॉलेजच्या खिडकीपाशी मी खोटं बोलले. मला लाज वाटली होती. माझी आई घरी नसते. माझी आई शिकवते."