सार्सेलच्या खोगिरातले बारा आशीर्वाद

शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये आमच्या घोडीभोवती बारा मालक होते, त्यांचे एकोणीस पाहुणे होते, आणि सगळ्यांत मिळून बावीस टोप्या होत्या. त्यांपैकी एका टोपीवर पेंढा भरलेला आख्खा पक्षी बसवलेला होता. घोडी एकच होती. तिचं नाव सार्सेल, वय तीन वर्षं, वजन चारशे एकसष्ट किलो. हा शेवटचा आकडा माझा. लोकांचे घोडे शर्यतीसाठी तयार करणाऱ्या मादाम देलब्रेय यांच्या तबेल्यात घोड्यांची वजनं घेणं, रक्ताचे नमुने पाठवणं आणि आलेख काढणं हे माझं काम.

बारा मालक एकाच गावचे. गाव लहान आहे, पण त्याला महापौर आहे, नोटरी आहे, खाटीक आहे, औषधवाली आहे, आणि त्या सगळ्यांनी मिळून सार्सेल घेतली होती, प्रत्येकी बारावा हिस्सा. ती हरली की मादामची असायची. जिंकली की त्यांची.

मादामना एकाहत्तरावं लागलं होतं. दियान ही तीन वर्षांच्या घोडींची मोठी शर्यत त्यांनी एकतीस वर्षांत नऊ वेळा लढवली होती; आजची दहावी. दुसऱ्या दोनदा, चौथ्या एकदा, बाकीच्या वेळा सांगण्यासारखं काही नाही. या हंगामानंतर तबेला बंद होणार होता. त्यांनी तसं कुणालाही सांगितलं नव्हतं, पण चाऱ्याची मागणी त्यांनी फक्त ऑक्टोबरपर्यंतचीच दिली होती आणि ती मी पाहिली होती.

घोटाळा सकाळी सुरू झाला. महापौर बोद्रिये यांनी गावाचं चिन्ह असलेलं ब्राँझचं पदक जॉकीच्या हातात ठेवलं. "तांगी, हे जवळ असू दे. गावाचे आशीर्वाद."

नोटरींना ते सहन होणं शक्य नव्हतं. त्यांनी आपल्या दाराची जुनी लोखंडी किल्ली काढली. "दोनशे वर्षं आमच्या घराण्यात आहे. हिने एकही दार बिघडवलेलं नाही."

मग रांगच लागली. खाटिकाने मेंढीच्या गुडघ्याचं हाड आणलं, औषधवालीने घोड्यांचा रखवाला संत एल्वा याचं पदक. कुणाचा घोड्याच्या नालेचा खिळा, कुणाचं चेस्टनटचं फळ, कुणाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचा चमचा. बारा वस्तू झाल्या. कुणालाही नाही म्हणता येत नव्हतं, कारण त्या प्रत्येकीमागे घोडीचा बारावा हिस्सा होता.

"हे मी कुठे ठेवू, तोंडात?" तांगी मला म्हणाला.

उपाय मी सुचवला. तो सुचला तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं. जॉकी आणि त्याचं सामान मिळून सत्तावन्न किलो भरायला हवं. तांगी हलका, म्हणून खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालतात. मी बाराही वस्तू तोलल्या, आठशे ऐंशी ग्रॅम. तेवढंच शिसं काढलं आणि त्या जागी आशीर्वाद भरले. काट्याला शिसं काय आणि संत काय. काटा सत्तावन्नवर थांबला.

"हुशार आहेस, पोरी," मादाम म्हणाल्या. "पण हुशारी शर्यतीनंतर मोजतात."

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सार्सेल वळणावर सहावी होती. सरळ पट्ट्यात तांगीने तिला बाहेरून काढलं, शेवटच्या दोनशे मीटरवर तिने कान मागे टाकले, आणि घोड्याच्या दीड लांबीने जिंकली. मादाम कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि उलटा घातला.

तोवर मालक धावले होते.

तांगीने खोगीर आणि कापड काढून हातावर घेतलं होतं आणि तो वजनखोलीकडे निघाला होता. तिथे पुन्हा काटा. निघतानाच्या वजनापेक्षा अर्ध्या किलोपर्यंत कमी भरलं तर चालतं. त्याहून एक ग्रॅमही कमी, तर घोडी बाद. हे मला माहीत होतं. मालकांनाही माहीत होतं, फक्त त्या क्षणी त्यांना त्याहून महत्त्वाचं काम होतं.

"माझं हाड!" खाटिकाने खिशात हात घातला. "हाडानेच जिंकवलं! वळणावर मी डोळे मिटले होते ना!"

"हाड कसलं? संताने जिंकवलं!" औषधवालीने पदक उपसलं आणि त्याचं चुंबन घेतलं.

"चमचा! आमचा चमचा द्या आधी, फोटोवाला आलाय!"

तांगी दोन्ही हातांनी खोगीर धरून उभा. हात मोकळा करावा तर सामान पडतं. "अहो, राहू द्या! मी अजून काट्यावर गेलो नाही!"

"एक मिनिटाचं तर काम आहे!"

मी मोजत होते. हाड शंभर, संत साठ, चमचा पन्नास, खिळा, चेस्टनट, नाणं... दहा वस्तू बाहेर. चारशे दहा ग्रॅम. आत फक्त महापौरांचं पदक आणि नोटरींची किल्ली उरली होती. तांगीच्या घामाचा हिशेब मी सकाळी धरलाच नव्हता.

"मादाम," मी म्हणाले, "आता एकही वस्तू गेली तर..."

महापौर आणि नोटरी यांचे हात एकाच खिशात अडकले होते.

"पदाने मी आधी, नोटरीसाहेब."

"घोडीच्या करारावर पहिली सही माझी आहे, महापौरसाहेब."

एकतीस वर्षं मादाम मालकांना "जशी आपली इच्छा" म्हणत आल्या होत्या. घोडी लंगडत असताना मालकाला शर्यत हवी असली तरी तसंच म्हणत, आणि नंतर पशुवैद्याला बोलावत. आता त्यांनी छत्री उचलली आणि महापौरांच्या मनगटावर मारली. चांगला आवाज आला. दुसरा फटका नोटरींना.

"हात बाहेर! दोघंही! घोडी तुमची आहे ना? मग ती तुमची राहू दे, मला ही शर्यत द्या!"

"मादाम, मी महापौर आहे!"

"गावात. इथे तुम्ही दोनशे तीस ग्रॅम आहात."

पदकाच्या वजनाचा हा आकडा मीच त्यांना सकाळी सांगितला होता. महापौरांचा हात बाहेर आला, रिकामा. नोटरींचाही. तांगी पळतच दारातून आत गेला. दाराशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. मादामनी माझी वजनांची वही धरली होती, उलटी. त्यांच्यामागे दहा मालक आपापली वस्तू हातात धरून उभे होते. खाटीक हाड पाठीमागे लपवत होता.

तांगी खोगीर मांडीवर घेऊन काट्याच्या खुर्चीवर बसला. अधिकाऱ्याने वाकून पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

छप्पन्न पूर्णांक पाच किलो.