सीटखालची खार

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि नाही बसला तरी माझं काही अडत नाही. माझ्या पिकअपच्या सीटखाली खार राहत होती. मिशिगनची, गलेलठ्ठ, उद्धट खार. तिच्यापायी माझी गाडी भंगारात निघाली होती!

गाडी वीस वर्षांची. दारं गंजलीत, पण इंजिन अजून एका हाकेत उठतं. दिवाळीपासून डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागायला लागला. कायमचा लागेल तर शपथ! ब्रेक मारला की पेटायचा, मनात आलं की विझायचा.

आमचा यतीन इथे ट्रॉयमध्ये गाड्यांच्याच कंपनीत आहे. त्यानं लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "बाबा, सीटखालच्या वायरीचा कॉन्टॅक्ट जातोय. मेकॅनिकला दाखवू."

दाखव! मेकॅनिककडे पाठवण्याआधी मी गाडी आतून रिकामी करून पुसून काढतो, ही माझी शिस्त. आणि तो हरामखोर दिवा मेकॅनिकसमोर तोंड उघडेल तर ना! तीनदा नेली, तिन्ही वेळा गप्प. घरी आणली की पुन्हा लाल. भर रस्त्यात मी त्या दिव्याला इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच वर केली.

शेवटी यतीन म्हणाला, "ॲक्सिडेंट झाला तर एअरबॅग उघडणार नाही. गाडी भंगारात न्यायला शनिवारी टो ट्रक बोलावलाय."

"मला न विचारता?"

"चार वेळा विचारलं, बाबा. तुम्ही चारही वेळा ओरडलात."

ओरडणारच! कॉलेजात होता तेव्हा ॲन आर्बरच्या हॉस्टेलला याची गादी कुठल्या गाडीनं गेली? विमानानं गेली होती?

शनिवारी टो ट्रक आला. तो माणूस साखळी लावायला वाकला, तसा मी आत चढून दार लावून घेतलं. "मलाही भंगारात घाला!" माझा आवाज ऐकून माझी बायको रत्ना चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"बाबा, उतरा. तमाशा नको, यार," यतीन दात खात म्हणाला.

"दिवा का लागतो ते मला सापडलंय! सीटखाली खार आहे. ब्रेक मारला की ती घरंगळत येते आणि वायरीवर आपटते."

"आणि मेकॅनिककडे?"

"अनोळखी माणसाला बुजते, पळून जाते."

"खार घरंगळते?"

"लठ्ठ झालीय रे! रोज बेसनाचे लाडू खाऊन..."

रत्नाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

यतीननं पलीकडचं दार उघडून सीटखाली हात घातला. स्टीलचा डबा बाहेर आला. त्याबरोबर तिथली पिवळी वायर हलली आणि डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला.

"बघ!" मी गरजलो. "खारीचाच डबा! किती साठवून ठेवलंय चोरटीनं!"

रत्नानं कप बॉनेटवर ठेवला, डबा हातात घेतला आणि चष्मा वर सरकवून झाकण उन्हात धरलं.

"यतीन, त्या माणसाला परत पाठव, गाडी राहू दे," ती म्हणाली. "आणि तुम्ही! डॉक्टरांनी गोड बंद केलंय ते कुणाचं? खारीचं? आणि खारीनं डब्यावर 'सौ. रत्ना' असं नाव कुठल्या भांड्यांच्या दुकानात घालून घेतलं, ते सांगा आधी!"