तीस म्हणजे तीस

मी वजनकाटा बोलतोय. बोलायची मला सवय नाही. सुई जिथे थांबते तेवढंच माझं म्हणणं. पण एक गोष्ट आत इतकी साठलीय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर पितळी वजनं ठेवून पाहिली, स्क्रू जरासा पिळला आणि म्हणाल्या, "हा खोटं बोलायचा नाही." ते मी फार मनावर घेतलं.

मला घरी आणलं स्वेटर विणून देणाऱ्या एका बाईंनी. गिऱ्हाइकाची लोकर त्या आधी माझ्यावर तोलायच्या आणि विणून झालं की स्वेटर आणि उरलेले गुंडे पुन्हा तोलायच्या. कुणाची वीतभर लोकर त्यांनी ठेवून घेतली नाही. पुढे त्यांची बोटं दुखायला लागली, सुया पेटीत गेल्या आणि मी कपाटावर. सात-आठ वर्षं धूळ खात पडलो.

खाली उतरलो तो त्यांच्या यजमानांच्या छातीत कळ आली तेव्हा. हे रंगारीबुवा. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या आणि आता घरी बसले होते. दुपारी चार वाजता चहा, शब्दकोडं आणि मैद्याच्या टॉर्टिया चिप्सची, म्हणजे तळलेल्या पातळ पोळीच्या कुरकुरीत तुकड्यांची, पिशवी. कोडं अडलं की हात पिशवीत. आणि कोडं रोजच अडायचं.

दवाखान्यातून आल्यावर लेकीने पिशवीची मागची बाजू मोठ्याने वाचली. "तीस ग्रॅममध्ये दीडशे कॅलरी, सात ग्रॅम तेल, शिवाय मीठ. आणि बाबा, तुम्ही अख्खी पिशवी संपवता, म्हणजे हे सगळं पाचपट! फायबर तर नावालाही नाही. पोट भरतच नाही, म्हणून हात थांबत नाही."

"पण डॉक्टर म्हणालेत, थोडं चालेल," रंगारीबुवा घाईघाईने म्हणाले.

बाईंनी स्टूल घेतलं, मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं. "थोडं म्हणजे तीस ग्रॅम. आणि तीस म्हणजे तीस."

तेव्हापासून चार वाजता माझा मान मोठा. रंगारीबुवा मला फौजदार म्हणायचे. "काय फौजदार, आज किती मंजूर?" सुई तिसाच्या पुढे गेली की बाई दोन-तीन चिप्स परत टाकायच्या, पिशवीला कपड्यांचा चिमटा लावायच्या. बुवा कुरकुरायचे, पण खायचे मात्र दोन-दोन तुकडे करून, पुरवून पुरवून. त्यांच्या कपड्यांना आता दोन बोटं जागा झाली होती. मला अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी कोडं सुटलं. पूर्ण. बुवा कागद फडकावत ओट्याशी आले. "अगं, सुटलं! आज एक चिप जास्त दे. बक्षीस म्हणून."

"उद्याच्या तिसातून घ्या."

"एकच गं. तुटकी दे हवी तर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझी सुई बरोबर तिसावर होती. त्यांनी चिमटा लावला. बुवा हसले, माझ्या काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "फौजदार, तुम्ही फार कडक."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला गेले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

घरातली गर्दी ओसरली. लेक ओटा आवरताना ती पिशवी टाकायला निघाली. "आई, या मऊ पडल्यात."

"असू दे," बाई म्हणाल्या.

लेक तिच्या घरी गेली. मग रोज चार वाजता बाई चिमटा काढू लागल्या. एकच चिप माझ्या ताटलीत ठेवायच्या आणि वाकून बघत राहायच्या. माझ्या तबकडीवर रेघा पाच-पाच ग्रॅमच्या, स्प्रिंग म्हातारी. सुई हलायची नाही. मी जीव तोडून प्रयत्न केला, तरी हलली नाही. शेवटी ती चिप त्या खिडकीत चिमण्यांसाठी ठेवायच्या.

एकदा त्यांनी लेकीला फोन लावला. "काटा बिघडलाय बहुतेक. एक चिप ठेवली तर काही दाखवतच नाही."

"अगं आई, एक चिप म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. त्याला काय कळणार? काहीच नाही ते."

"काहीच नाही?"

"काहीच नाही गं."

बाईंनी ताटलीतली चिप उचलली. मग अगदी हळू म्हणाल्या, "मग दिली असती ना मी."

पलीकडून लेकीच्या रडण्याचा आवाज येत राहिला. बाईंनी फोन ओट्यावर ठेवला आणि माझ्या ताटलीवर हात ठेवला. सुई शंभराच्या पुढे गेली.

मी बिघडलेलो नाही. पण कोडं सुटलं त्या दुपारी मला वाचा असती तर मी म्हणालो असतो, "बाई, द्या. मला पत्ताही लागणार नाही."

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचं जरूर ऐका. तेल, मीठ, मैदा, सगळं मोजून खा. फक्त कुणी हसत हसत एक जास्त मागितली, तर माझ्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा.

चार वाजत आलेत. बाई चिमटा काढतायत. पिशवीत आता एकच चिप उरलीय, तुटकी.