हात न लावता वाजलेला सूर

मित्रांनो, निपाणीहून चिकोडीकडे निघालात की काही मैलांवर उजव्या हाताला एक कौलारू चर्च दिसतं. आमच्या मंडळीतली, म्हणजे या चर्चची, माणसं त्याला देऊळच म्हणतात. त्या देवळाच्या मागच्या खोलीत, जुन्या सतरंज्या आणि नाताळच्या चांदणीशेजारी, मी उभी आहे. मी पायपेटी. बसून दोन पायांनी फळ्या दाबायच्या, म्हणजे माझ्या पोटातला भाता हलतो, आणि बोटांनी पट्टी दाबली की सूर निघतो. माझ्याजवळ आता फारसं कोणी येत नाही. तुम्ही आला आहात, तर थोडा वेळ बसा.

माझा जन्म बेळगावातल्या खासबागचा. नागोजी मेस्त्री नावाच्या सुताराने मला घडवलं. तो स्वतः कधी चर्चमध्ये गेला नव्हता, पण माझं सागवान निवडताना त्याने आठ दिवस घालवले होते. हवेने थरथरणारं एकेक पितळी पातं, म्हणजे एकेक सूर, तो कानाशी धरायचा, घासायचा, पुन्हा धरायचा. शेवटचा सूर बसवल्यावर त्याने मला नमस्कार केला आणि म्हणाला, "जा बाई, देवाच्या घरात चाललीस. नीट बोल."

मी नीट बोलले. पन्नास वर्षं बोलले. लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधीच्या उपासना, सगळ्यांत माझा आवाज होता. बाजारच्या दिवशी रस्त्याने जाणारी माणसं गाडी थांबवून ऐकत. नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले की आधी माझ्यावरून हात फिरवत. तेव्हा मला वाटायचं, देव या घरात बोलतो तो थोडाफार माझ्याच तोंडून बोलतो. किती वेडी होते मी!

मला सर्वांत जास्त वाजवलं ते शांतवन पोस्टमनने. अख्ख्या गावाला मराठी आणि कन्नड पत्रं वाचून दाखवणारा हा माणूस रविवारी माझ्यासमोर बसला की मुलासारखा व्हायचा. त्याची बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी राहिली, प्रियदर्शनी. तिचे पाय फळ्यांपर्यंत पोचत नव्हते तेव्हा शांतवन पायांनी भाता हलवायचा आणि ती बोटांनी वाजवायची. दोघं मिळून माझा एकच वादक होता म्हणा ना.

प्रियदर्शनी मोठी झाली. कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं शिक्षण तिने बेळगावात घेतलं. त्या शिक्षणातच महिनाभर तिला गडचिरोलीकडच्या एका निवासी शाळेत पाठवलं होतं. परत आली ती त्या मुलांच्या गोष्टी घेऊनच. भात वाढताना, कपडे वाळत घालताना ती हातांनी खुणा करत राहायची. मग एक दिवस त्या शाळेचं पत्र आलं. आमच्याकडे कायमची ये, असं त्यात लिहिलं होतं. त्याच आठवड्यात निपाणीच्या एका शाळेनेही तिला बोलावलं.

आणि त्याच महिन्यात शांतवनच्या डोळ्यांना काचबिंदू असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. नजर हळूहळू जाणार होती.

मित्रांनो, आता त्या मुलीने काय करायचं? ती श्रद्धावान होती. कोणताही निर्णय देवाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, हे ती आईकडून शिकली होती. रोज सकाळी ती देवळात यायची, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायची, हात जोडायची. "बापा, सांग. जाऊ का राहू? मी दोन्हीला तयार हाय. फक्त सांग." एवढंच म्हणायची आणि ऐकत बसायची. बाहेर उसाचे ट्रॅक्टर जायचे. कौलावर कबुतरं घुमायची. दुसरं काही ऐकू यायचं नाही. ती उठून जायची तेव्हा तिचे खांदे आदल्या दिवशीपेक्षा थोडे अधिक वाकलेले असायचे.

मला फार वाटायचं की आपण बोलावं. पण मला कुणी वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

जुलैचे ओले दिवस होते. भिंतींना बुरशी आली होती आणि माझं लाकूड फुगलं होतं, म्हणून पावसाळाभर मला कुणी वाजवत नव्हतं. त्या सकाळी ती फार रडली. डोकं माझ्या झाकणावर टेकवून म्हणाली, "देवा, मला लई दमायला झालंय. आप्पांजवळ राहावं अशी तुझी इच्छा आसंल, तर आत्ता, हितं, कायतरी खूण दे."

आणि सूर वाजला.

खालचा, जाड, लांब सूर. सगळ्या देवळात भरून राहिला. तिने डोकं उचललं. तिचे दोन्ही हात जोडलेले होते. पट्टीला कुणीही हात लावला नव्हता.

पण मित्रांनो, तिचे पाय माझ्या फळ्यांवर होते. लहानपणापासूनची सवय. रडताना अंग आवळलं, पाय दाबले गेले, भाता भरला. आणि दमट हवेने फुगलेली एक पट्टी झाकणाखाली दबलेलीच अडकून बसली होती. एवढंच घडलं होतं. ते मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं.

ती धावत घरी गेली. त्या संध्याकाळी शांतवनला घेऊनच परत आली. "आप्पा, हितंच झालं! मी मागितलं आणि उत्तर आलं. मी कुटं जात न्हाय आता."

"व्हय गं?" शांतवन म्हणाला. त्याने माझा कोपरा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दोघांनी गुडघे टेकून उपकारस्तुती केली. मुलगी राहणार म्हणून बापाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पाहून मलाही एक क्षण वाटलं, असू दे. खोटं असलं तरी असू दे.

तिने निपाणीच्या शाळेला होकार दिला आणि गडचिरोलीला फोन करून नकार कळवला. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, दिवाळीपर्यंत जागा तशीच ठेवते, मन बदललं तर कळव.

सप्टेंबरात ऊन पडलं. शांतवन दरवर्षीप्रमाणे मला साफ करायला आला. नजर अंधूक झालेली, त्यामुळे तो बोटांनीच एकेक पट्टी तपासत होता. डावीकडच्या एका पट्टीवर त्याचं बोट थांबलं. ती इतरांपेक्षा खाली होती. त्याने हात मागे घेतले आणि पायांनी फळ्या दाबल्या.

सूर वाजला.

त्याने पाय थांबवले. पुन्हा दाबले. पुन्हा सूर वाजला. चिमटा आणि कापड खाली पडलं ते त्याने उचललं नाही. ती पट्टी त्याने दुरुस्त केली नाही; रविवारी वाजवण्यापुरती तिच्याखाली कागदाची घडी सरकवून ती वर धरायचा, आणि कुणाला सांगितलंही नाही.

पुढचे तीन रविवार मी त्याचं वाजवणं ऐकलं. सूर चुकत नव्हते, पण हातात जीव नव्हता. तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर तो मागे थांबला. मोठ्याने बोलला. त्याचे शब्द मी जसेच्या तसे सांगते.

"देवा, ती राहिलीय. तूच ठेवलीस म्हण की. एकदा म्हण. मी गप ऱ्हातो."

तो थांबला. कौलावर कबुतरं घुमत राहिली.

"म्हणत न्हाईस," तो शेवटी म्हणाला आणि काठी शोधत उठला.

दुसऱ्या दिवशी तो प्रियदर्शनीला घेऊन आला. "बस हितं," म्हणाला. "पाय ठेव. हात लावू नको. दाब."

तिने पाय दाबले. तोच सूर. ती आधी हसली, तिला वाटलं पुन्हा खूण झाली. मग हळूहळू तिचं हसू गेलं. तिने पाय उचलले, दाबले, उचलले. झाकण उघडून ती पट्टी बघितली.

"म्हंजे देव बोललाच न्हाय?"

"मला ठाव न्हाय गं. हे लाकूड बोललं, एवढं मी बगितलंय."

"कधी बगितलासा?"

"तीन आठवडं झालं."

"आणि आज सांगतासा?" ती ओरडली. "सांगायचंच न्हवतं आप्पा! मी राहत हुतो की. तुमाला पायजे हुतं, मलाबी चाललं असतं. कशाला सांगितलासा?"

मित्रांनो, आमच्या भागात मुलीही कधी 'मी राहतो, मी जातो' असं बोलतात, ती लहानपणापासून तशीच बोलायची. शांतवनने चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि हात ठेवला.

"तू ऱ्हाणार आसशील तर ऱ्हा. माझ्यासाठी ऱ्हा, तुझ्या मनानं ऱ्हा. पर देवाचं नाव सांगून ह्या अडकलेल्या पट्टीनं तुला धरून ठिवलंय, आणि मी ते जाणून तुझ्या हातचं जेवतोय, हे माझ्याच्यानं हुईना."

ती आठवडाभर देवळात आली नाही. मला भीती वाटली की माझ्यामुळे तिने देवाला विचारणंच सोडून दिलं. मग एका दुपारी ती आली, सोबत जयाबाई होत्या. जयाबाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या जुन्या बायबलबाई. चाळीस वर्षं घरोघर फिरून बायकांबरोबर प्रार्थना केलेल्या. त्या बाकावर बसल्या, गुडघे चोळले आणि म्हणाल्या, "खूण ठिव बाजूला. मला एक सांग. तू गडचिरोलीला जायाला भितीस ते कशाला?"

"आप्पा एकटे पडतील."

"आणि?"

"आणि काय न्हाय. एवढंच."

"त्या पोरांचं नाव काढलं की तुजं हात आपसूक हलत्यात, ते बगितलंयस कधी?"

प्रियदर्शनीने हात मांडीखाली घेतले.

"आप्पांची काळजी ही माया हाय, लेकी. भ्याबी हाय थोडं. दोन्ही चांगलंच. पर भ्यालाच देवाचा हुकूम म्हणू नको. आणि आप्पांचं बगायला देवानं तुला एकटीलाच केलंय व्हय? मंडळीची बावीस घरं हाईत ही."

"मग देव सांगतो तरी कसा, आक्का?"

जयाबाईंनी पदर सावरला. "मला तर त्यानं कधी कानात सांगितलं न्हाय बाई. वचन वाचायचं, गुडघं टेकायचं, खरं बोलणाऱ्या माणसाला इचारायचं. मग एक पाऊल टाकायचं आणि मन निवतंय का बगायचं. चुकलं तर त्यो हात सोडत न्हाय, एवढं मी बगितलंय."

त्यांनी एकत्र प्रार्थना केली. या वेळी प्रियदर्शनीने खूण मागितली नाही. तिने फक्त धैर्य मागितलं.

त्याच आठवड्यात तिने गडचिरोलीला होकार कळवला, आणि दिवाळीनंतर ती गेली. आदल्या दिवशी शांतवनने ती पट्टी घासून मोकळी केली आणि तिने शेवटचं गीत वाजवलं. तिचे डोळे वाहत होते, पण हात शांत होते. निपाणीच्या स्टँडवर सगळी मंडळी गेली होती. गाडी महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याकडे वळून दिसेनाशी झाल्यावरही शांतवन हात हलवत होता म्हणे. त्याला गाडी तशीही दिसत नव्हती.

सोपं काहीच नव्हतं. बावीस घरांनी डबे दिले, जयाबाई डोळ्यांत थेंब घालत. तरी एका पावसाळ्यात शांतवन अंगणात पडला, आणि मुलगी पोचायला दोन दिवस लागले. त्या वेळी माझ्यासमोर बसून ती म्हणाली, "आप्पा, चुकलं का माझं?" तो म्हणाला, "तू आलीस न्हवं?" अनेक संध्याकाळी तो उगीच येऊन माझ्याजवळ बसायचा. वाजवायचा नाही. पायांजवळची जागा हाताने चाचपायचा, जिथे लहानपणी तिचे पाय लोंबत असत. तेव्हा आम्ही दोघंही तिला बोलवत असू, पण आवाज न करता.

आठव्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, ती आली, आणि शाळेतली चार मुलं घेऊन आली. शांतवनला आता काहीच दिसत नव्हतं. मुलांना काहीच ऐकू येत नव्हतं. उपासना संपल्यावर तो म्हणाला, "पोरं कुटं हाईत? मला त्यास्नी कायतरी सांगायचंय." पण कोणी कुणाला काय सांगणार? सगळे गोंधळून उभे राहिले.

त्यांच्यात तेजस्वी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. ती पुढे आली. तिने म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्याची बोटं आपल्या गालांवर ठेवली. मग ती हसली. मोठ्ठं हसली, म्हणजे गाल वर येतील.

शांतवनची बोटं तिच्या चेहऱ्यावर थांबली.

"हसतीय व्हय ही?"

"व्हय आप्पा."

त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझी पोर कुटं गेलती, ते आज दिसलं मला."

त्या वर्षीच्या नाताळाआधी तो गेला. नंतर देवळात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला, आणि मला इथे हलवलं. भात्याच्या कातड्याला भोकं पडली आहेत, उंदरांनी एक कोपरा कुरतडला आहे. राग नाही माझा. फक्त कुणी येऊन धूळ पुसली, सतरंज्या थोड्या बाजूला सारल्या, तर बरं वाटेल. लाकडालाही हाताची आठवण होते.

आणि मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्याही पुढे कधीतरी दोन वाटा येतील आणि तुम्ही देवाला विचारायला बसाल. तेव्हा स्वतःचं नुकसान होत असूनही तुम्हाला खरं सांगेल असं एखादं माणूस जवळ ठेवा. ते आई असेल, शेजारीण असेल, म्हातारा बाप असेल. त्याला जपा. त्याने तुम्हाला जाऊ दिलं असेल, तर तुम्ही चाललात त्या वाटेवर त्याला एकदा तरी घेऊन जा, नाहीतर ती वाटच त्याच्या दारी आणा.