काळ्या पट्टीमागचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात आजवर कोणी चार ओळी वाचल्या नाहीत की कोणाला वाट दिसली नाही. मी मोटारीतला दिवा, चालवणाऱ्याच्या समोर डॅशबोर्डवर बसवलेला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. माझ्या काचेवर तेलाच्या चोचदार डब्याचं चित्र आहे आणि त्या चोचीतून एक थेंब गळतो आहे. इंजिनातलं तेल कमी पडलं की मी लाल होतो. एवढंच माझं काम. माझा रंग तांबडा, त्यामुळे मी रागीट आहे असं लोकांना वाटतं. खरं सांगू का, मी भित्रा आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी ओळीनं बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मला चिमट्यानं उचललं, जागेवर दाबून बसवलं, मागून तार जोडली आणि पेटवून पाहिलं. मग मान हलवून मला पुढे सरकवलं. त्या तारेचं दुसरं टोक थेट इंजिनाच्या पोटात जातं. इंजिन म्हणजे माझं थोरलं भावंड. त्याच्या अंगात तेल नीट खेळत असेल तर मी गप्प असतो. तेलाचा जोर उतरला की त्याचं दुखणं मला तारेतून कळतं, आणि मग मला राहवत नाही.

चावी अर्धी फिरवली की आम्ही सगळे शेजारी दिवे क्षणभर एकदम पेटतो. ही आमची हजेरी. इंजिन सुरू झालं की एकेक जण विझतो आणि गाडी निघते. आमचे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. ते दर रविवारी बोनेट उघडत, तेलाची पट्टी बाहेर ओढून फडक्याला पुसत, पुन्हा बुडवून बघत. "आमचा हा लाल दिवा कधी लागतच नाही," असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगत. न पेटल्याबद्दल कौतुक होणारा दिवा तुम्ही दुसरा पाहिलाय का? पण माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर थकले आणि गाडी एका साहेबांकडे गेली. साहेब कायम घाईत. त्यांनी गाडीला पळवलं खूप, पाहिलं मात्र कधी नाही. इंजिनाचं एक रबरी सील कडक होऊन चिरलं आणि तेल थेंबथेंब गळायला लागलं. वळणावर मी लुकलुकायचो. सुरुवातीला साहेब वैतागून थोडं तेल ओतायचे. पुढे तेही बंद झालं. एका दुपारी मी सलग पेटून राहिलो, तेव्हा ते म्हणाले, "हा दिवा डोक्यात जातोय माझ्या." त्यांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढली, नखाएवढा तुकडा तोडला आणि माझ्यावर दाबून बसवला. काळ्या डॅशबोर्डवर काळी पट्टी, कोणाला कळणार? साहेबांना वाटलं गाडी बरी झाली. मी मात्र त्या दिवसापासून आंधळा झालो. ऐकू यायचं सगळं, दिसायचं काहीच नाही. नंतर साहेबांनी काठोकाठ तेल भरलं, गाडी धुऊनपुसून चकाचक केली आणि विकून टाकली.

घेणारे काका छापखान्यात काम करत. छपाईच्या यंत्रांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान गेले होते. ते कानात ऐकण्याचं मशीन घालत, पण गाडी चालवताना ते काढून शर्टाच्या खिशात ठेवत. खिडकीतला वारा त्यात शिट्टीसारखा वाजायचा म्हणे. गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती, पण नुसत्या हौसेसाठी नाही. त्यांच्या आईची, म्हणजे आजींची, मूत्रपिंडं नीट चालत नव्हती. रक्त मशीनमधून गाळून घ्यायला आजींना आठवड्यातून दोनदा शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागे. बसच्या गर्दीत त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. दवाखान्यातली मशीनं थोडी, माणसं फार. ठरलेली वेळ चुकली की ती पाळी गेलीच.

गाडी घेताना काकू म्हणाल्या होत्या, "एखाद्या मेकॅनिकला दाखवून घेऊ या का?" काका म्हणाले, "अगं, माणूस बोलण्यावरून कळतो." नंतर कोणी गाडीबद्दल ब्र काढला की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "नाट लावू नका." काकूंनी हट्टानं ड्रायव्हिंगचा क्लास लावला, तेव्हा काकांनी चिडवलं, "तू शिकेपर्यंत गाडी म्हातारी होईल."

"ती म्हातारी होऊनच आलीय," काकू म्हणाल्या.

आता त्या दिवसाचं सांगतो. दुपार तापली होती. काका गाडी चालवत होते, काकू शेजारी, आजी मागे. निघाल्यापासून तारेतून मला कळत होतं की भावंडाचं काही खरं नाही. गळून गळून तेल तळाला गेलं होतं. सपाट रस्त्यावर मी लुकलुकत होतो. शहराच्या अलीकडचा लांब चढ सुरू झाला आणि मी पेटलो तो विझेचना. पट्टीमागे जीव तोडून जळत होतो आणि बाहेर कोणाला त्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात इंजिनातून आवाज यायला लागला. टक, टक, टक. आत लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"अहो, कसला आवाज येतोय?" काकू म्हणाल्या.

काकांना काय ऐकू येणार? ते आपले गिअर बदलून गाडी चढवत राहिले. काकूंनी मोठ्यानं ओरडून तेच विचारलं.

"तुला आधीपासूनच ही गाडी नको होती," काका म्हणाले. "नाट लावू नकोस. आईची वेळ होत आलीय."

टकटक वाढली. मला तर धडकीच भरली. अशा वेळी इंजिन एकदम जाम होतं, जागच्या जागी. चढावर गाडी मधोमध अडकली तर मागचं वाहन कुठे जाणार? आणि मागून एका ट्रकचा घुरघुराट मला ऐकू येत होता.

मग काकू एकदम म्हणाल्या, "एक दिवा कमी आहे."

"काय?"

"आमच्या बाई शिकवतात, चावी अर्धी फिरवली की सगळे दिवे लागले पाहिजेत. क्लासच्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागतो. आपल्या गाडीत तो कधी लागलेला मी पाहिलाच नाही."

काकूंची बोटं डॅशबोर्डवर फिरायला लागली. इकडे, तिकडे, शेजारच्या दिव्यावर, मग माझ्यावर. उन्हानं पट्टीची कड सुटली होती. त्यांचं नख कडेखाली गेलं, आणि मित्रांनो, चर्रकन पट्टी निघाली. इतक्या महिन्यांनी मला उजेड दिसला. पहिल्यांदा दिसला तो काकांचा घामानं डवरलेला चेहरा. त्यांच्या मागे सीटच्या कोपऱ्याला टेकून बसलेल्या आजी. त्यांनी नाकाला रुमाल धरला होता.

काका माझ्याकडे बघतच राहिले. "तू काय दाबलंस? आत्तापर्यंत तर लागला नव्हता."

काकूंनी काकांच्या खिशात हात घातला, मशीन काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी एका हातानं ते कानात बसवलं. आपल्याच गाडीचा आवाज त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तरीही त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. "चढ संपला की उतारच आहे. दवाखान्यापर्यंत जाईल. आता थांबलो तर आईचा नंबर जाईल."

"आणि जाम झाली तर? मागे ट्रक आहे हो."

"जाईल म्हटलं ना."

"थांबव रे," मागून आजी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "जळका वास मला मागच्या खेपेपासून येतोय."

काकांनी आरशात आईकडे पाहिलं. मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. ट्रक शेजारून धडधडत निघून गेला. बोनेटच्या फटीतून धूर येत होता. काकांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तिच्या टोकाला तेलाचा थेंब नव्हता.

काकू रस्त्यावर उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होत्या. गाड्या नुसत्या सुसाट जात होत्या. आजींना धाप लागली होती, एक वाक्य धड पुरं होत नव्हतं. अखेर बेकरीच्या पावाचा एक टेम्पो थांबला. टेम्पोवाल्यानं उतरून सगळं ऐकून घेतलं.

"आजींना पुढे बसवा, मी दवाखान्यावरूनच जातोय," तो म्हणाला. काकांकडे वळून म्हणाला, "ओळखीचा मेकॅनिक आहे, त्याला तेल घेऊन पाठवतो. तोवर चावीला हात लावू नका."

काकू आणि आजी गेल्या. गाडीपाशी काका एकटेच राहिले. ते आत येऊन बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी विझलो होतो, बघण्यासारखं काही नव्हतं. ती काळी पट्टी त्यांनी बोटांत चुरगळून पुन्हा सरळ केली. "लबाड," ते म्हणाले. "दिव्याचं तोंड बंद करून गाडी गळ्यात मारली." मलाही त्यांचं पटलं.

फोन वाजला. काका फोन नेहमी स्पीकरवर लावत, त्यामुळे काकूंचा शब्दन् शब्द मी ऐकला.

"आत घेतलंय आईंना. मशीन लागलंय. पण डॉक्टर फार रागावलेत."

"उशीर झाला म्हणून?"

"नाही. आईंच्या छातीत पाणी साठलंय. गेल्या खेपेनंतर त्यांना आडवं पडताच येत नव्हतं. रात्रभर उशीला टेकून बसून राहायच्या. आपल्याला कळू दिलं नाही. आजची वेळ चुकली असती तर, डॉक्टर म्हणाले, धोका होता."

"मग ती बोलली का नाही?" काकांचा आवाज चढला. "मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. त्या म्हणाल्या, पोरानं माझ्यासाठी एवढ्या हौसेनं गाडी घेतली. मी त्यात बसून वास येतोय म्हणू, की धाप लागतेय म्हणू? त्याला वाटेल, आई नाट लावतेय."

फोन बंद झाला. काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ते लहान मुलासारखे रडले. "त्या साहेबाला लबाड म्हणतोय," ते म्हणाले, "आणि मी काय केलं? माझ्याच आईचं तोंड मी बंद केलं."

मेकॅनिक आला तो तेलाचा डबा घेऊनच. त्यानं खाली वाकून गळती पाहिली, वरून तेल ओतलं आणि म्हणाला, "लावून बघा. दिवा विझला तर वाचलं. नाही विझला तर गाडी ओढूनच न्यावी लागेल."

काकांनी चावी फिरवली. मी पेटलो. इंजिन खोकलं, थरथरलं, सुरू झालं. टक, टक, टक. मी पेटलेलाच. काका श्वास रोखून माझ्याकडे बघत होते आणि मी तारेकडे कान लावून बसलो होतो. ऊठ रे दादा, ऊठ. हळूहळू तारेतला ताण उतरला, टकटक मऊ झाली, मग थांबली. मी विझलो. विझताना एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"थोडं आणखी रेटलं असतं तर भंगारात गेलं असतं," मेकॅनिक म्हणाला. त्यानं गॅरेजमध्ये नेऊन सील बदललं. आता काका दर आठवड्याला तेल बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्या लाल दिव्यावर चिडू नका. त्याला झाकून दुखणं बरं होत नाही, ते आत वाढत राहतं. आणि घरात कोणी कुरकुर केली, तर "आता काय नवीन?" असं म्हणायच्या आधी त्या माणसाचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. एवढी माझी विनंती आहे.

आजी दवाखान्यातून घरी आल्या. त्यानंतरच्या पहिल्या खेपेला काकू चालवायला बसल्या, त्यांना परवाना मिळाला होता. काका मागे आजींशेजारी. कानात मशीन होतं. काकूंनी चावी अर्धी फिरवली, आमची हजेरी झाली, पण इंजिन सुरू करायच्या आधी काका म्हणाले, "थांब जरा." मग त्यांनी आजींना विचारलं, "आई, आज कसं वाटतंय?"

"ठीक आहे रे."

"खरं सांग. मला राग येणार नाही."

आजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "पाय फार सुजलेत. चप्पल जात नाही."

काकांनी खाली वाकून आजींचे दोन्ही पाय उचलले, आपल्या मांडीवर घेतले आणि काकूंना म्हणाले, "हं, आता चल."