तुफानच्या गाडीतला जेट

तुफान आपली शर्यतीची मोटरसायकल ढकलत ताईच्या गॅरेजच्या दारात आला, तेव्हा तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. हा कुठल्या तोंडानं आला?

गेल्या मोसमात तिचा धाकटा भाऊ आणि तुफान एकाच संघातून मातीच्या शर्यतीत गाड्या पळवायचे आणि त्या गाड्यांची मिस्त्री ताईच होती. ऐन भरधाव वेगात भावाच्या गाडीचं इंजिन पकडलं, म्हणजे तापून पिस्टन आत अडकला, मागचं चाक जाम झालं आणि तो फेकला गेला. गुडघा कायमचा गेला. कार्ब्युरेटर उघडला तर आत पेट्रोल सोडणारा जेट बारीक भोकाचा! म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिनाची नुसती भट्टी. "ताईनंच बसवला होता," असं तुफान सगळीकडे सांगत सुटला. तिनं बसवलेला जेट मोठा होता, आणि आदल्या संध्याकाळी गाडीपाशी तुफान एकटाच होता. पण ऐकतो कोण? गिऱ्हाईकं तुटली. सख्ख्या भावानं बोलणं टाकलं.

"ताई, गाडी फार तापतेय," तुफान म्हणाला. "दोघा मिस्त्रींनी हात टेकले. उद्या शर्यत आहे. झालं गेलं विसरून जा ना."

"लाव आत," ती म्हणाली.

तिनं प्लग काढला. चुन्यासारखा पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. कुठून जास्तीची हवा ओढतेय का, म्हणून रबरी जोड तपासला; तो धड होता. मग कार्ब्युरेटरची खालची वाटी उघडून तिनं जेट काढला. पाहते तर बारीक! खोक्यातला त्याहून बारीक जेट तिच्या बोटांत आला. हा बसवला की सरळ पट्ट्यावर याचंही इंजिन पकडणार. वर्षभर ती याच क्षणाची वाट बघत होती. जेट बोटांत फिरवत ती बराच वेळ बसली.

मग तो खोक्यात टाकून तिनं मोठा घेतला. मागच्या कच्च्या रस्त्यावर स्वतः गाडी पिळून आणली, प्लग पाहिला, अजून फिकट. आणखी एक नंबर वाढवला. या खेपेला प्लगवर छान कॉफीचा रंग आला; आता इंजिन तापणार नव्हतं.

शर्यतीच्या गाड्या संध्याकाळीच कुंपणात जमा करायच्या असत. मग शर्यत संपेपर्यंत कुणी पाना लावायचा नाही. गाडी आत गेली, फाटक लागलं, तेव्हा तुफाननं विचारलं, "जेट कितीचा टाकलास?"

ताई हात पुसत गोड हसली. "बारीक जेटनं पिस्टन कुठं पकडतो, हे तुला मी सांगायला हवं?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, थट्टा करू नकोस."

"नीज जा आता. उद्या सरळ पट्ट्यावर पीळ मनसोक्त."

चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सरळ पट्ट्यावर तुफानचा हात ढिला पडायचा, इंजिन पकडलंच तर म्हणून बोटं क्लचवर जायची. काल शिकलेली पोरं त्याला मागे टाकून गेली. गाडी मात्र शेवटपर्यंत गार होती. कठड्याला टेकून ताई एकेक फेरी चवीनं बघत होती.

शर्यत संपताच त्यानं सगळ्यांदेखत वाटी उघडली. नंबर वाचला आणि तो पिसाळलाच. "मोठा आहे! मग काल बोलली का नाहीस? मला वाटलं, मी तुझ्या भावाच्या गाडीत घातला तसाच तूही—"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. संघाचा मालक तिथंच उभा होता. "गाडीची किल्ली दे," एवढंच तो म्हणाला. ताईच्या काळजाला असा गारवा वाटला की तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

गर्दीतून भाऊ काठी टेकत आला. "ताई, चुकलं माझं."

"हो, चुकलं. मी घसा फोडून सांगत होते, तेव्हा तू तोंड फिरवलंस. लगेच माफ करणार नाही मी."

"नको करूस."

"हत्यारांची पेटी उचल."

पेटी जड होती. त्यानं ती एका हातानं उचलली आणि लंगडत निघाला. ताईनं हात पुढे केला नाही. पुढे मात्र ती त्याला गाठता येईल इतकं हळू चालत राहिली.